झोळीचा शंकांक

मी माणसं चालीवरून ओळखते. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, नावं तर त्याहून नाहीत. पण जिन्यावर पाऊल वाजलं की कोण येतंय, त्याचा कोणता गुडघा दुखतोय आणि स्वारी आज घरून भांडून आलीय का, हे मला दार उघडायच्या आधी कळतं. याचा उपयोग होतो तसा तापही होतो. लग्नाच्या मांडवात बसले तरी माझं लक्ष लोकांच्या पायांकडे. याच खोडीवर मला पुण्यात नोकरी लागली, आणि याच खोडीमुळे त्या मंगळवारी सकाळी मी खुर्चीतून उठले आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. बसवेना.

पडद्यावर अकरा मिनिटांची एक फाईल होती. तिच्यात चित्र नव्हतं, नुसते ठिपके. पाच माणसं, प्रत्येकाचे सतरा ठिपके, एका दरीत उतरत होती. एक जण पुढे काठी घेऊन, चौघं मागे, त्यांच्या खांद्यांवर एक लांब ओझं. अकराव्या मिनिटाला सगळे ठिपके एकदम संपत होते.

हे ठिपके कुठून येतात ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस चालतो म्हणजे काय करतो? पुढे पडतो, आणि पडायच्या आत पाय टाकून स्वतःला सावरतो. हे प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने करतो. रडारची लहर हलत्या हातापायावर आपटून परत येते तेव्हा तिची कंपनसंख्या किंचित बदललेली असते. हात जवळ येत असेल तर वाढते, लांब जात असेल तर घटते. चार किलोमीटर उंचीवरून, धुक्यातूनही हा बदल मोजता येतो. त्यातून गुडघा, कोपर, कंबर, खांदा असे सतरा ठिपके निघतात. अंगावर पंधरा किलोचं चिलखत असलं की कंबर वेगळी वळते. बंदूक धरलेला हात झुलत नाही. कवायत शिकलेली माणसं नकळत पावलं जुळवतात आणि आपसांत सारखं अंतर राखतात. शेळ्यांमागे जाणारी बाई तसं करत नाही, आणि पोराचा हात धरलेला बाप तर दर दहा पावलांना अडखळतो.

यावरून आमचं यंत्र एक आकडा देतं. शून्य ते शंभर. खालचा माणूस सैनिक आहे असं म्हणायला यंत्राला किती शंका आहे, तो हा शंकांक. तो बारा किंवा बाराच्या वर गेला की हवेतल्या अस्त्राला कुलूप पडतं. आंतरराष्ट्रीय कागदांत या यंत्राला नुसता क्रमांक आहे, पण आमच्या संचालक डॉ. मृदुला सबनीस यांना संस्कृतची हौस, म्हणून प्रयोगशाळेत त्याचं नाव नीरक्षीर.

शंका मोजायचं खूळ आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. जिनिव्हा करारांना १९७७ साली जो पहिला प्रोटोकॉल जोडला, त्याच्या पन्नासाव्या कलमात म्हटलंय की एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही अशी शंका असेल, तर ती नागरिकच मानावी. साठ-पासष्ट वर्षं हे कागदावर होतं, आणि शंका येऊ द्यायची की नाही हे ज्याच्या हातात बंदूक त्याच्या मर्जीवर होतं. मग यंत्र आलं. दूरच्या एका डोंगराळ देशातल्या युद्धात दोन्ही पक्षांनी पडताळणी मंडळापुढे लिहून दिलं, की नीरक्षीरने हो म्हटल्याशिवाय हवेतून मारा करणार नाही. त्या देशाचं नाव मी घेत नाही, मंडळाची तशी अट आहे. पहिल्या दोन वर्षांत तिथे हवाई माऱ्यात मरणाऱ्या नागरिकांचा आकडा निम्म्याहून खाली आला. आम्ही पेढे वाटले होते.

मंगळवारच्या फाईलवर शंकांक होता तीन.

मारा करणाऱ्या पक्षाचं म्हणणं, ते शिपाई होते आणि उखळी तोफेची नळी नेत होते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, ते गावकरी होते. दरीत उतरून बघणं कुणालाच शक्य झालं नव्हतं. मंडळाने मारा दहा दिवसांपुरता स्थगित करून आम्हाला विचारलं होतं, की यंत्र बरोबर चाललं का.

मी फाईल चौथ्यांदा लावली तेव्हा सबनीस मॅडम आत आल्या. त्या टाचा न टेकवता चालतात, कायम गाडी चुकल्यासारख्या.

"जनाई, बस जरा. काय झालंय?"

"झोळी आहे, मॅडम."

"काय आहे?"

"तोफ नाही ती. झोळी आहे. आत बाळंतपणाला निघालेली बाई होती."

मी त्यांना दाखवलं. नळी कडक असते, ती पावलाबरोबर हलते. हे ओझं पावलाच्या मागून, क्षणभर उशिराने झुलत होतं, म्हणजे कापडातलं, लोंबतं. सहाव्या मिनिटाला पुढच्याने हात वर केला आणि न थांबता चौघांनी खांदा बदलला. आणि दोनदा, चार मिनिटांच्या अंतराने, ओझ्याचं झुलणं एकदम बंद झालं. चौघंही उभे राहिले. पाऊण मिनिट. मग पुन्हा चालू.

"कळ आली की बाई दोन्ही हातांनी वरचा दांडा घट्ट धरते," मी म्हणाले. "झोळी थांबते. म्हणून तेही थांबतात."

"हे तुला कसं माहीत?"

मला कसं माहीत? मी नऊ वर्षांची होते. बाळंतपणात अडलेल्या आईच्या झोळीबरोबर उतारावरून पळत होते, आणि बांबूवर तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. मी ती मोजत होते, एका हाताची पाच, दुसऱ्याची पाच, म्हणजे आई आहे. खालच्या फाट्यावर गाडीची वाट बघता बघता आई गेली. पुढचा उजवा खांदा माझ्या वडिलांचा होता.

मॅडम हुशार बाई. त्यांनी फाईल स्वतः दोनदा पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग यंत्राला शंका का आली नाही? तीन म्हणजे जवळजवळ खात्री."

"कारण त्याने झोळी कधी पाहिलीच नाही."

यंत्राचं हे दुखणं आम्हाला ठाऊक होतं. न पाहिलेली गोष्ट समोर आली की ते गोंधळत नाही. पाहिलेल्यातलं सर्वांत जवळचं काय ते उचलतं आणि ठासून सांगतं. जुळती पावलं, सारखं अंतर, न झुलणारे हात, खांद्यावर लांब ओझं. त्याच्या माहितीत अशी चाल फक्त शिपायांची होती. शंका यायलासुद्धा आधी थोडं माहीत असावं लागतं.

"पण नमुन्यांच्या यादीत झोळी होती," मॅडम म्हणाल्या. "प्रकार अडतीस. माणसाने माणसाला वाहून नेणं. मी स्वतः घातला होता. डोंगरी भाग कोणाकडे होता?"

"माझ्याकडे."

त्यांनी चार वर्षांपूर्वीचा फॉर्म उघडला. प्रकार अडतीससमोर लिहिलं होतं, ‘या भागात आढळत नाही.’ खाली माझी सही.

तेव्हा मी आमच्या कारवीमाळावर दोन ड्रोन आणि आठ पेट्या घेऊन गेले होते. सगळी वस्ती कॅमेऱ्यासमोर हौसेने चालली. दुधाच्या किटल्या घेऊन, मोळ्या घेऊन, रेडकू खांद्यावर टाकून. झोळीचं नाव काढल्यावर मात्र सगळे मागे सरले. आमच्यात निरोगी माणसाला झोळीत घालत नाहीत आणि रिकामी झोळी खांद्यावर घेत नाहीत. झोळी फुकट उचलली की ती माणूस मागते, अशी समजूत आहे. मी फार ओढून धरलं नाही. फॉर्ममध्ये नकाराचं कारण लिहायला रकाना होता. मला नोकरीत लागून सहा महिने झाले होते, डब्यातली नाचणीची भाकरी बघून लोक प्रेमाने चौकशी करायचे, आणि त्या रकान्यात हे कारण लिहायची मला लाज वाटली. ‘आढळत नाही’ लिहिलं की कारण लिहावं लागत नव्हतं. इतर देशांतल्या पथकांनी तो प्रकार आमच्या भरवशावर सोडला होता.

"आपण असं लिहू," मॅडम सावकाश म्हणाल्या, "की ही दूरच्या देशातली रीत, आपल्याला माहीत नव्हती."

"मला माहीत होती."

"सत्तावन्नावं कलम तुला पाठ आहे. माऱ्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्यायची. माहीत नव्हतं म्हटलं तर ती खबरदारी शक्य नव्हती. माहीत असून सोडलं म्हटलं, तर इथे टाळं लागेल. आणि यंत्र बंद झालं म्हणून ते लोक मारा थांबवणार नाहीत, जनाई. बिनयंत्राचा करतील. तेव्हाचे आकडे तू पाहिलेयस."

मला राग आला, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या दरीच्या वरच्या अंगाला सात गावं आहेत आणि दवाखाना एकच, खाली नदीपाशी. दहा दिवसांनी स्थगिती उठली असती. पुढची झोळी निघाली असती आणि शंकांक पुन्हा तीनच आला असता.

"आधी यंत्राला झोळी शिकवते," मी म्हणाले. "आणि अहवालात दोन्ही जाईल. झोळीही आणि माझा फॉर्मही."

मॅडमनी चष्मा घातला. "शिकव तर आधी," एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी संस्थेच्या मैदानावर चार संशोधकांनी चादरीत एकाला घालून बांबू उचलला. यंत्राने चौघांना तत्काळ नागरिक ठरवलं, शंकांक चौऱ्याण्णव. त्यांची पावलंच जुळेनात, आणि आतला बिचारा दोनदा पडला. झोळी वाहणं वर्षानुवर्षांनी अंगात येतं. पाय जुळले नाहीत तर आतल्या आजाऱ्याला हिसके बसतात, म्हणून जुळवावे लागतात. नेमके तेच जुळलेले पाय यंत्राला शिपायाचे वाटत होते. मला खरे खांदेकरी हवे होते. मी बॅग भरली.

कारवीमाळ ही आमची धनगरांची वस्ती. घरं अकरा, म्हशी साठ, फाट्यापर्यंत सात किलोमीटर उतार. रस्ता मंजूर आहे. मी जन्मायच्या आधीपासून मंजूर आहे. ड्रोनने औषधं येतात, म्हशींच्या कानात चिप आहे, टेकडीवर फोनला रेंज आहे. हवाई रुग्णवाहिकाही आहे, फक्त धुक्यात आणि वाऱ्यात ती येत नाही, आणि आमच्याकडे वर्षातले सात महिने दोन्हीपैकी एक असतंच. त्यामुळे आजारी माणूस अजून घोंगडीच्या झोळीतूनच खाली जातो.

आबा, माझे वडील, गोठ्यापाशी उभे होते. मी अजून लांब होते तेव्हाच म्हणाले, "उजवा पाय घसटतीयास. जोडा चावतोय न्हवं?"

जोडा चावत होता. ही खोड मला कुणाकडून आली ते वेगळं सांगायला नको.

चहा पिता पिता मी विषय काढला. आबांनी कप खाली ठेवला.

"न्हाई."

"आबा, सहा दिवसांचं काम आहे. लोकांचे जीव..."

"मागल्या येळंलाबी सांगितलं व्हतं. झोळी काय खेळ हाय व्हय? माणूस खाली पोचवलं का घोंगडं घडी करून काखंत, बांबू हातात. मोकळी झोळी खांद्यावर कुनी घेत न्हाई. आन् बरं माणूस त्यात घालनार कोन?"

"मी झोपते आत."

आबा उठले. दाराच्या चौकटीला हात लावून पाठमोरे उभे राहिले. "एक झोळी म्या खांद्यावर घेतली, त्यात तुझी आय गेली. आता तुला घालाया सांगतीस." आणि म्हशी सोडायला निघून गेले.

मला त्या माणसाचा संताप आला आणि कीवही आली. मी वस्तीभर हिंडले. आबांचे चुलतभाऊ जानूतात्या आता खांदेकऱ्यांचे म्होरके, ते म्हणाले, "धाकू न्हाई म्हनला तर न्हाई." धाकू म्हणजे आबा. शेजारच्या भागूकाकींनी मला घोटभर ताक दिलं आणि दार लावून घेतलं. दहातले तीन दिवस संपले होते. मी अंगणात खालीवर चालत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी मी काही न बोलता आबांच्या पुढ्यात टॅब ठेवला आणि फाईल लावली. फक्त इतकंच सांगितलं की ही माणसं आहेत, वरून बघितलेली. आबा उकिडवे बसले. पहिलं मिनिटभर त्यांना नुसते ठिपके दिसत असावेत. मग त्यांची मान पुढे आली.

"डाव्या अंगाचा मागला नवा हाय," ते म्हणाले. "खांदा बदलताना चुकला बग."

मी फाईल तशीच चालू ठेवली.

झुलणं थांबलं. ठिपक्यांचे चारही पुंजके उभे राहिले. आबांनी हात वर केला, जणू तेच पुढे होते. "कळ आली," ते म्हणाले.

मी त्यांना बाईबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

दुसऱ्या वेळी झुलणं थांबलं तेव्हा ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. "बिगीबिगी याया लागल्यात. वाट अवघड हाय, पन पोचत्याल. पुढला हुशार हाय." आणि ठिपके संपले. आबांनी काचेवर बोट आपटलं. "बंद पडलं तुजं."

"बंद नाही पडलं आबा. वरून मारलं त्यांना."

"कुनी?"

"यंत्राला वाटलं, शिपाई तोफ घेऊन चाललेत."

आबांनी टॅब माझ्याकडे सरकवला. "यंत्राला मानसं कुनी वळखाया शिकिवली?"

"मी."

"आन् झोळी शिकिवली न्हाई."

"तुम्ही उचलली नाहीत. आणि मी लिहून दिलं, की आमच्याकडे अशी रीतच नाही."

"आसं कशापायी लिवलंस?"

"लाज वाटली," मी म्हणाले. "तुमची. वस्तीची." आणि रडू आलं ते आलंच, थांबवता येईना.

आबांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, ती आमच्यात पद्धत नाही. ते बसल्या जागी म्हणाले, "म्या भ्यालो, तू लाजलीस. दोघांनी मिळून केलं म्हन की." मग उठले, पटका नीट केला आणि जानूतात्यांच्या घराकडे गेले. मी मागोमाग गेले तेव्हा त्यांचं सांगणं चाललं होतं. "मला घाला. सत्तरी उलाटली माजी. झोळीनं मागितलंच तर म्हातारं मागू दे."

त्या दुपारी पहिली खेप निघाली. भागूकाकींनी आबांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तोंड फिरवलं. बाकी बायका आत गेल्या. वर दोन ड्रोन फिरत होते. जानूतात्या काठी घेऊन पुढे, चौघं दांड्याखाली, मधे घोंगडीत माझा बाप. मी पुन्हा झोळीबरोबर उतारावर पळत होते, सत्तावीस वर्षांनी, आणि माझी नजर पुन्हा बांबूकडे जात होती. तिथे बोटं नव्हती. आबा आत हाताची घडी घालून पडले होते.

रोज दोन खेपा. संध्याकाळी टेकडीवर जाऊन मी नोंदी पुण्याला पाठवायची. तिकडे मॅडम स्वतः बसून यंत्राला त्या शिकवायच्या आणि त्या दरीतली जुनी फाईल त्याच्यापुढे पुन्हा ठेवायच्या. पहिल्या दिवशी शंकांक तीनचा तीनच. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी नऊ, आणि मी टेकडीवरून पळत खाली आले. चौथ्या दिवशी अकरा, आणि पाचव्या दिवशीही अकरा.

"एकच कमी आहे," मॅडम फोनवर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "पण अकरावर कुलूप पडत नाही. ओझं पुरेसं झुलत नाहीये, जनाई. आत वाळूचं पोतं असल्यासारखं वाटतंय."

मी झोळीत डोकावून पाहिलं तेव्हा कळलं. आबा डोळे मिटून, दात आवळून, लाकडासारखे ताठ पडलेले. पाच दिवस, सात किलोमीटर, दर खेपेला.

"आबा, अंग सैल सोडा की."

"सोडलंय."

"नाही सोडलेलं."

"तू पड मग आत, म्हंजी कळंल," ते म्हणाले. मागचा खांदेकरी हसला, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच सगळे हसले. जानूतात्या म्हणाले, "धाकू, आरं आम्ही हाय की. पन्नास वर्सं तू लोकास्नी नेलंस. एक डाव नेऊ दे आमास्नी."

आबांनी हाताची घडी सोडली. कारवीच्या रानातून उतरताना मला घोरण्याचा आवाज आला. एक पाय घोंगडीबाहेर लोंबत होता आणि सगळी झोळी त्या माणसासकट आपल्या आपण डुलत होती, पावलाच्या मागून, क्षणभर उशिराने. मी जानूतात्यांना खुणेने सांगितलं, थांबू नका. फाट्यावर पोचलो तरी त्यांनी आबांना उठवलं नाही. उन्हात चौघं तसेच दांडा धरून उभे राहिले.

त्या नोंदीनंतर दरीतल्या जुन्या फाईलचा शंकांक आला चौतीस.

मी टेकडीवरून ओरडून सांगितलं. आबांनी विचारलं, "चौतीस म्हंजी काय म्हनतंय त्ये? मानसं हायत म्हनतंय का शिपाई?"

"म्हणतंय, शंका आहे."

"एवढंच?"

"एवढं पुरतं आबा. शंका असली की सोडतं."

दहाव्या दिवशी अहवाल गेला. त्यात झोळी होती, माझा जुना फॉर्म होता, आणि ‘आढळत नाही’ का लिहिलं त्याचं कारणही होतं, न लपवता. बाईच्या बाबतीत मी त्याच प्रोटोकॉलचं आठवं कलमही जोडलं. त्यात बाळंतिणीला आणि नवजात बाळाला जखमींच्या बरोबरीने धरलेलं आहे. मंडळाने यंत्र सुधारून चालू ठेवलं. प्रयोगशाळेला टाळं लागलं नाही, पण मॅडमनी राजीनामा दिला. मला नमुने गोळा करायच्या कामावरून काढलं आणि तक्रारी तपासायच्या टेबलावर बसवलं, कारण झोळी ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

जायच्या दिवशी मॅडम माझ्या टेबलापाशी थांबल्या. "एक लक्षात ठेव. उद्या कुणी झोळीत खरंच तोफ घालून नेईल. कायद्यात ते कपट आहे, पण करणारा करतो. तेव्हा हाच शंकांक आड येईल, आणि त्या तोफेने कुणी मेलं तर लोक तुला विचारतील."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. भात चिवडताना, दात घासताना, ते मधेच यायचं.

तीन महिन्यांनी ती फाईल आली. तीच दरी. पाच माणसं, खांद्यावर लांब ओझं, शंकांक सत्तावीस. अस्त्राला कुलूप पडलं आणि पाचही जण ओझ्यासकट चौदा मिनिटांनी झाडीत निघून गेले. मारा करू पाहणाऱ्या पक्षाची लेखी तक्रार होती, की झोळीत तोफ होती आणि यंत्र फसलं. सोबत मंडळाचा फॉर्म माझ्या नावाने.

मी झुलणं मोजलं. झुलत होतं, पण कमी. मी थांबण्याची वाट पाहिली. चार मिनिटं झाली, कुणी थांबलं नाही. आठ झाली. बारा झाली. एकदाही कुणी दांडा धरला नाही. मी फाईल सात वेळा पाहिली. कळा नव्हत्या. मग आत काय होतं? मी मॅडमना फोन लावायला घेतला आणि कापला. आबांना लावला, सकाळी ते म्हशी घेऊन टेकडीवर असतात.

"आबा, कुणीच थांबलं नाही. चौदा मिनिटांत एकदाही नाही."

"मंग?"

"कळ आली असती तर थांबले असते."

म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. "जनाई, झोळीत काय बाळंतीणच असती व्हय? म्हातारं मानूस असंल. सापाचं पान लागल्यालं असंल. त्यास्नी कुठल्या कळा?"

"झुलतंही कमीच आहे."

"मला नेलं तवा पाच दिस म्या झुललो व्हय? भ्यालो व्हतो म्या."

"पण तोफ असली तर?"

"आसंल बी," आबा म्हणाले. "मला हितनं काय दिसतंय? तुला दिसतंय का?"

"नाही."

"मंग तसं लिव की."

फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, ‘ओझ्यात काय होतं?’ पुढे तीन ओळींची जागा. चार वर्षांपूर्वी अशाच एका रकान्याने मला घाबरवलं होतं. मी लिहिलं, ‘माहीत नाही. शंका आहे, म्हणून ते नागरिक.’ खाली सही केली. मग फाईल पुन्हा सुरुवातीपासून लावली, आणि पाचही जण झाडीत दिसेनासे होईपर्यंत त्यांच्या पायांकडे बघत उभी राहिले.